ऊबेची पिशवी आणि तुलनेचा प्रश्न

वस्तू कशी घडवावी याचेही एक शास्त्र आहे आणि ते शिकवता येते, हा विचार आता आपल्या शाळांपर्यंत पोचला आहे. २०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून अनेक शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. इन्स्पायर-मानक योजनेत मुलांकडून नव्या वस्तूंच्या कल्पना मागवल्या जातात. त्यांच्या जोडीने ‘डिझाइन थिंकिंग’ हा शब्द आला आणि पाच चौकटींचा एक तक्ताही आला : माणसाची अडचण समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना सुचवा, कच्चा नमुना करा, तपासून पाहा. हा तक्ता मुख्यतः अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डिझाइन-शिक्षण संस्थेमुळे जगभर पसरला.

तक्त्याबरोबर उदाहरणेही येतात. त्यांतले फार गाजलेले उदाहरण म्हणजे कमी वजनाच्या बाळांना ऊब देणारी ‘एम्ब्रेस’ नावाची पिशवी. प्रशिक्षण वर्गांत आणि व्याख्यानांत ही गोष्ट वरचेवर सांगितली जाते. तिचा भारताशी जवळचा संबंध असल्यामुळे ती आपल्याला अधिक भावते. या लेखात ती गोष्ट तपासून पाहायची आहे. ती खरी आहे आणि तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र ती नेहमी जिथे संपवतात तिथेच आपणही संपवली, तर मुलांच्या हाती अर्धेच शास्त्र पडेल, असे मला वाटते.

गोष्ट थोडक्यात

२००७ साली स्टॅनफर्डमध्ये गरिबांना परवडतील अशा वस्तूंची रचना शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांच्या एका गटाला गृहपाठ मिळाला. रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या इन्क्युबेटरची किंमत सुमारे २०,००० डॉलर. तेच काम करणारी वस्तू त्याच्या एक टक्का किमतीत करून दाखवा, असा तो प्रश्न होता. या गटातील जेन चेन, लायनस लियांग, नागानंद मूर्ती आणि राहुल पणिक्कर यांनी पुढे हे काम चालू ठेवले. त्यांच्यापैकी कोणीही डॉक्टर नव्हते.

सरळ मार्ग असा होता, की पेटीचे भाग सुटे करावेत आणि प्रत्येक भाग स्वस्तात कसा करता येईल ते पाहावे. पण लियांग नेपाळला गेला आणि काठमांडूच्या एका रुग्णालयात त्याला पेट्या रिकाम्या पडलेल्या दिसल्या. विचारल्यावर कळले, की ज्या बाळांना त्यांची गरज आहे ती दूरच्या खेड्यांत, घरीच जन्मतात आणि रुग्णालयापर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे स्वस्त पेटी केली असती तरी तीही तिथेच रिकामी पडली असती. गटाने प्रश्न बदलला. पेटी स्वस्त कशी करावी याऐवजी, वीज नसलेल्या घरात बाळ उबदार कसे ठेवावे, असा प्रश्न त्यांनी घेतला.

उत्तर म्हणून जी वस्तू पुढे आली, ती बाळाच्या आकाराची, टोपडे असलेली एक झोपायची पिशवी. पाठीमागे एक कप्पा आणि त्यात मेणासारख्या पदार्थाची हवाबंद थैली. हा पदार्थ ३७ अंश सेल्सिअसला वितळतो. एकदा वितळवला की चार ते सहा तास त्याच तापमानाला राहतो. पुढे हा गट बंगलोरला आला, भारतातील दवाखान्यांत नमुने तपासले गेले आणि २०११ साली ही वस्तू प्रत्यक्ष वापरात आली.

ऊब हा प्रश्न का आहे?

गोष्टीची समीक्षा करण्यापूर्वी तिच्यातले विज्ञान पाहू, कारण गोष्ट सांगताना नेमका हाच भाग घाईने उरकला जातो.

वस्तू लहान होत जाते तसे तिच्या वस्तुमानाच्या मानाने तिचे पृष्ठफळ वाढत जाते. एक सेंटिमीटर आणि दोन सेंटिमीटर बाजूचे दोन घन घेऊन हे पाचवीतल्या मुलालाही दाखवता येते. दीड किलोचे बाळ आणि साठ किलोचा माणूस यांची शरीरे साधारण सारख्या घडणीची मानली, तर दर किलोमागे बाळाचे पृष्ठफळ माणसाच्या सुमारे ३.४ पट येते. (४० चे घनमूळ काढून पाहा.) उष्णता तयार होते शरीराच्या आत आणि बाहेर जाते त्वचेतून. म्हणून बाळ लवकर गार पडते. त्यातून अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेखाली चरबी फार कमी असते, आणि नवजात बाळाला मोठ्या माणसासारखी थंडीने हुडहुडी भरत नाही.

बाळ जन्मते तेच ओले. दहा ग्रॅम पाण्याची, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांची, वाफ व्हायला सुमारे २४ किलोज्यूल उष्णता लागते. ही सगळी उष्णता दीड किलोच्या बाळाच्या अंगातून गेली आणि तेवढ्या वेळात त्याने स्वतः काहीच उष्णता निर्माण केली नाही, असे धरले, तर त्याचे तापमान साडेचार अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात इतके होत नाही, पण बाळाला जन्मल्याबरोबर कोरडे का करायचे आणि पहिल्या दिवशी अंघोळ का घालायची नाही, हे या एका गणितात आहे. बाळाचे तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेले की तो धोक्याचा इशारा मानतात.

आपल्याकडच्या जुन्या आया-आज्यांना हे गणित माहीत नव्हते, पण कुंची, दुपटे, बाळंतिणीची बंद खोली आणि शेगडी यांमागे ऊब टिकवण्याची जाण होती. (त्याच खोलीतला धूर मात्र बाळाच्या फुप्फुसांना घातकच होता.)

आता थैलीकडे वळू. गरम पाण्याची पिशवी का नको? कारण पाणी उष्णता देता देता सतत थंड होत जाते. मेणासारख्या पदार्थाचे तसे नाही. तो गोठत असताना अप्रकट उष्णता बाहेर टाकतो आणि सगळा गोठेपर्यंत त्याचे तापमान जवळजवळ स्थिर राहते. अशा एक किलो पदार्थातून साधारण २०० किलोज्यूल उष्णता मिळते. थैलीतून दर सेकंदाला दहा ज्यूल उष्णता बाहेर जाते असे धरले, तर ती २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास पुरेल. तेवढीच उष्णता एक किलो पाण्याने ३७ अंशांपर्यंत उतरताना द्यायची असेल, तर सुरुवातीला पाणी ८५ अंश तापलेले हवे. त्याने बाळ भाजेल.

मात्र नेमके ३७ अंशांना वितळणारा पदार्थ वाण्याच्या दुकानात मिळत नाही. खोबरेल तेल २४-२५ अंशांच्या आसपास गोठते, म्हणून थंडीत आपण बाटली उन्हात ठेवतो. मेणबत्तीचे मेण पन्नाशीच्या पुढे वितळते. सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांत अठरा कार्बन असलेला सुमारे २८ अंशांना वितळतो, वीस कार्बनचा ३७ च्या आसपास आणि बावीस कार्बनचा सुमारे ४४ ला. साखळीत दोन कार्बन वाढले की वितळणबिंदू सात-आठ अंशांनी हलतो. म्हणजे पदार्थ किती शुद्ध आहे, यावर बाळाची सुरक्षितता अवलंबून आहे. पाच चौकटींच्या तक्त्यात रसायनशास्त्राला जागा नाही, पण ते नसते तर ही पिशवी नुसती गोधडी ठरली असती.

गटाने काय चांगले केले?

या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी कमाई म्हणजे त्यांनी दिलेला प्रश्न जसाच्या तसा स्वीकारला नाही. आपल्या परीक्षापद्धतीत वाढलेल्या मुलाला हे सुचणे अवघड. प्रश्नपत्रिकेत छापलेला प्रश्न चुकीचा असू शकतो, ही कल्पनाच आपण मुलांना देत नाही. इथे प्रश्न बदलला तो वर्गात बसून चर्चा केल्यामुळे नव्हे. कोणीतरी जाऊन रिकाम्या पेट्या पाहिल्या आणि त्या रिकाम्या का, असे विचारले, म्हणून तो बदलला. संशोधनात याला आम्ही निरीक्षण म्हणतो. तक्त्यातल्या पहिल्या चौकटीचा बहुतेक वेळा ‘सहानुभूती बाळगा’ असा गुळगुळीत अर्थ लावला जातो. रिकाम्या पेट्या मोजायला सहानुभूतीपेक्षा उघडे डोळे अधिक लागतात.

दुसरी गोष्ट नमुन्यांबद्दलची. आपल्या प्रदर्शनांत नमुना म्हणजे शेवटची, रंगवलेली, दिवे लावलेली वस्तू. या गटाच्या हाती नमुना हे प्रश्न विचारण्याचे साधन होते. त्याचे सगळ्यात बोलके उदाहरण तापमानाच्या पट्टीचे आहे. सुरुवातीच्या एका नमुन्यावर तापमान आकड्यांत दिसत असे. भारतातील एका आईला तो दाखवला तेव्हा तिने सांगितले, की पाश्चात्त्य औषध फार जालीम असते असे गावात मानतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याच्या निम्मेच द्यायचे. तेव्हा बाळाला ३७ अंशांवर ठेवा म्हटले, तर आपण सुरक्षित म्हणून ३० वरच ठेवू. प्रयोगशाळेत अचूक ठरलेले साधन घरात गेल्यावर बाळाला गारठवू शकत होते. गटाने आकडे काढून टाकले आणि ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ एवढेच दाखवणारी खूण बसवली.

हा प्रसंग टॉम व डेव्हिड केली या बंधूंच्या २०१३ सालच्या ‘क्रिएटिव्ह कॉन्फिडन्स’ या पुस्तकात आला आहे. यातला धडा निर्विवाद आहे. त्या आईला नमुना दाखवला नसता, तर ही माहिती कोणत्याही ग्रंथालयात मिळाली नसती.

क्रम इतका सरळ नव्हता

आता टीकेकडे येऊ. पहिला मुद्दा सोपा आहे. गोष्ट सांगताना पाच पायऱ्या एकामागून एक चढल्यासारख्या दाखवल्या जातात. घडले ते तसे नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये म्हैसूरला झालेल्या टेड परिषदेत जेन चेन यांनी ही पिशवी जगापुढे मांडली. तेव्हाच्या वर्णनात थैली नुसत्या गरम पाण्याने वितळवायची होती आणि किंमत २५ डॉलर होती. पुढे दवाखान्यांसाठी जी वस्तू आली तिच्याबरोबर थैली तापवणारे विजेवरचे यंत्र होते आणि किंमत २०० डॉलरच्या आसपास सांगितली जाऊ लागली. ‘वीज नसलेल्या घरासाठी’ निघालेली कल्पना पहिल्यांदा स्थिरावली ती वीज असलेल्या दवाखान्यात.

यात लबाडी काही नाही. घरात उकळते पाणी किती गरम, थैली पूर्ण वितळली की नाही, ती स्वच्छ आहे की नाही, बाळ स्तनपान करते आहे की नाही, हे कोण पाहणार? प्रशिक्षित परिचारिका जवळ असणे सुरक्षित, असा निष्कर्ष कोणीही समंजस माणूस काढेल. पण मग रिकाम्या पेट्या पाहून जो प्रश्न बदलला होता, तो पुन्हा बराचसा जुन्या जागी आला. गोष्ट सांगताना हे वळण गाळले जाते, आणि तिच्यातला सर्वांत शिकवणारा भाग तोच आहे. कल्पनेपासून वस्तूपर्यंत जाताना काय सोडावे लागले आणि का, हे मुलांना सांगितले पाहिजे. नाहीतर त्यांचा स्वतःचा नमुना तिसऱ्या पायरीवरून पहिलीवर घसरला, की त्यांना आपण नापास झालो असे वाटते.

तपासले म्हणजे काय तपासले?

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. तक्त्याची शेवटची चौकट ‘तपासून पाहा’ अशी आहे. पण तपासायचे काय? पिशवी चार तास गरम राहते का, हा एक प्रश्न. आईला ती वापरता येते का, हा दुसरा. पिशवीमुळे बाळे वाचतात का, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एका नमुन्यावर आणि दहावीस माणसांशी बोलून मिळू शकतात. तिसऱ्याचे मिळत नाही. पिशवीत ठेवलेले बाळ जगले, तर ते पिशवीमुळे जगले की एरवीही जगले असते, हे त्या एका बाळाकडे पाहून कळणारच नाही. त्यासाठी तुलनेला दुसरा गट हवा. आणि लगेच प्रश्न येतो : तुलना कशाशी?

गोष्टीत तुलना नेहमी २०,००० डॉलरच्या पेटीशी असते. पेटीपुढे कोणतीही पिशवी स्वस्तच ठरणार. पण गरीब घरातल्या बाळापुढे पेटी आणि पिशवी एवढेच दोन पर्याय कधीच नव्हते. तिसरा पर्याय होता आणि तो फुकट होता.

१९७८ साली कोलंबियाच्या बोगोटा शहरातील माता-बाल रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी स्थिती होती. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत आणि जंतुसंसर्ग पसरे. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे उभे बांधून ठेवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी डॉ. हेक्टर मार्टिनेझ त्यांच्याबरोबर आले. हीच आज ‘कांगारू मदर केअर’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत. आईचे शरीर हा ३७ अंशांचा उष्णतास्रोत आहे. तो तापवावा लागत नाही आणि चार तासांनी गोठत नाही. शिवाय दूध तिथेच असते.

हीसुद्धा सुरुवातीला एक कल्पनाच होती आणि पुष्कळ डॉक्टरांना ती गरिबांसाठीची तडजोड वाटली. तिचे स्थान बदलले ते तुलनात्मक चाचण्यांमुळे. हरियाणात घरी असलेल्या कमी वजनाच्या आठ हजारांहून अधिक बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ज्या घरांना ही पद्धत शिकवली होती, तिथे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतील रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर चाचणी केली, तिचा अहवाल २०२१ मध्ये आला. जन्मानंतर लगेच आईशी कातडीला कातडी लावून ठेवलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण १२ टक्के होते. रूढ पद्धतीने आधी पेटीत किंवा तापकाखाली ठेवून, बाळ स्थिरावल्यावर आईजवळ दिलेल्या गटात ते १५.७ टक्के होते. फरक इतका स्पष्ट दिसू लागला, की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवावी लागली.

म्हणून ऊब देणाऱ्या कोणत्याही नव्या वस्तूने पेटीशी नव्हे, तर आईच्या छातीशी तुलना करून आपली जागा सिद्ध केली पाहिजे. पिशवीच्या कर्त्यांनाही हे ठाऊक आहे. आई आजारी असेल, शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आली नसेल, बाळाला एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायचे असेल, अशा वेळी पिशवी वापरावी, असेच ते सांगतात. ही जागा लहान आहे, पण खरी आहे. गोष्ट सांगणाऱ्यांना मात्र लहान जागा आवडत नाही. ‘वीस हजारांची पेटी आणि तिच्या जागी साधी पिशवी’ हे वाक्य टाळ्या घेते. ‘आईला बाळ छातीशी घेता येत नाही त्या तासांपुरते साधन’ हे वाक्य टाळ्या घेत नाही.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. केली बंधूंपैकी डेव्हिड केली हे त्याच स्टॅनफर्डच्या डिझाइन-शिक्षण संस्थेचे संस्थापक. आपल्या शाळेतल्या विद्यार्थ्यांची यशोगाथा शिक्षकाने अभिमानाने सांगावी, यात गैर काही नाही. पण एखाद्या पद्धतीचा पुरावा म्हणून त्याच पद्धतीच्या शिक्षकांनी निवडलेली यशोगाथा पुढे केली जाते, तेव्हा वाचकाने सावध असावे. त्याच वर्गातून निघून कुठेच न पोचलेल्या कल्पना किती, ते अशा पुस्तकांतून समजत नाही.

आकडा झाकावा की शिकवावा?

तिसरा मुद्दा शिक्षकांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. आईला आकडा कळत नाही म्हणून आकडाच काढून टाकला, हे रचनाकाराचे उत्तर झाले. शिक्षकाचे उत्तर वेगळे असू शकते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना बाळाचे वजन करणे, तापमापी वाचणे, श्वास मोजणे, बाळाला उबदार ठेवणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास प्रतिजैविक देणे, हे सगळे शिकवले. तुलनेसाठी ४७ गावे वेगळी ठेवली होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदरात ६२ टक्क्यांची घट आढळली. या कामात कमी वजनाच्या बाळांसाठी कापडी ऊबदार पिशवीही वापरली गेली. तिच्यात ना मेण होते, ना ‘ठीक’ दाखवणारी खूण. खूण वाचणारी माणसे होती.

अर्थात या ६२ टक्क्यांचे श्रेय त्या पिशवीला देता येणार नाही. जंतुसंसर्गावरचा उपचार, स्तनपान, वारंवार भेटी या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम. पण मुद्दा तोच आहे. वस्तू एकटी काम करत नाही. तिच्याभोवतीची व्यवस्था काम करते आणि वस्तू त्या व्यवस्थेतला एक भाग असते.

याच गडचिरोलीचे दुसरे उदाहरण दिल्याशिवाय मात्र माझा मुद्दा एकांगी राहील. निमोनिया ओळखायला बाळाचे श्वास एक मिनिट मोजावे लागतात. अनेक निरक्षर सुइणींना एवढे मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी बंग दांपत्याने मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. इथे मोठा आकडा झाकलाच आहे. पण दहापर्यंत मोजणे, मणी सरकवणे आणि निर्णय घेणे हे सुईणच करते. तिला येत असलेल्या गोष्टीवर पुढची गोष्ट रचली आहे. चांगल्या शिक्षणाचीही हीच रीत नव्हे का? नवी वस्तू पाहताना विचारावे : हिने वापरणाऱ्याची समज वाढवली, की त्याला समजण्याची गरजच ठेवली नाही? दोन्हींना जागा आहे, पण दोन्ही एक नाहीत.

वर्गात काय करावे?

पाच चौकटींचा तक्ता भिंतीवरून काढून टाका, असे मी म्हणणार नाही. सुरुवात करायला तो बरा आहे. मात्र प्रकल्प करणाऱ्या प्रत्येक गटाच्या वहीत तीन प्रश्नांची लेखी उत्तरे असावीत. एक : हा नमुना कोणता प्रश्न विचारण्यासाठी केला आहे? दोन : काय आढळले तर आपण ही कल्पना सोडून देऊ? तीन : आज लोक हे काम सर्वांत स्वस्तात कसे करतात, आणि त्याच्या तुलनेत आपली वस्तू कशी ठरते? प्रदर्शनात गुण देताना रंगकामापेक्षा या तीन उत्तरांना आणि फसलेल्या नमुन्यांच्या नोंदींना अधिक वजन द्यावे. ज्या गटाने तुलना करून ‘आमची वस्तू जुन्या पद्धतीपेक्षा चांगली नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिले, त्यालाही बक्षीस मिळायला हवे. शास्त्रज्ञाला हेच तर करावे लागते.

या पिशवीवर आधारलेला एक प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात दोन तासिकांत होतो. आधी परीक्षानळीत मेणबत्तीचे मेण घेऊन ते गरम पाण्याच्या भांड्यात वितळवा (ज्योतीवर थेट नको) आणि थंड होताना दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा. आलेख काढा. एका भागात तो जवळजवळ आडवा होईल, पण पूर्ण आडवा होणार नाही, कारण मेण हे मिश्रण आहे. शुद्ध पदार्थ का लागतो, हे मुलांना इथे दिसेल.

मग सारख्या आकाराच्या चार प्लॅस्टिकच्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत अर्धा लिटर, ३७ अंशांचे पाणी भरा. एक बाटली तशीच उघड्यावर ठेवा. दुसरीला ओले फडके गुंडाळा. तिसरी कोरड्या दुपट्यात आणि गोधडीत गुंडाळा. चौथी एका विद्यार्थ्याच्या पोटाशी, सदऱ्याच्या आत धरायला सांगा आणि वरून शाल लपेटा. दर दहा मिनिटांनी चारही बाटल्यांचे तापमान फळ्यावर लिहा. प्रयोग शक्यतो थंडीच्या दिवसांत, सकाळच्या तासाला करावा, म्हणजे फरक ठळक दिसेल.

तासाभराने चारही आलेख समोर असतील. मुलांना तेव्हा विचारा, की यापेक्षा चांगली पिशवी करायची असेल, तर तिची तुलना या चारपैकी कोणत्या बाटलीशी करायला हवी.